छतावरची वीज ग्रीडला जोडताना: आधी जोडणी तपासा, मग पॅनेल

छतावरच्या सौरविजेबद्दल वाचकांची जी पत्रं येतात, त्यांत बहुतेकदा एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत असतो. नियम बदलले म्हणतात, मग आता लावावं की थांबावं? कुणी ऐकलेलं असतं की नेट मीटरिंग बंद झालं. कुणाला एजंटाने सांगितलेलं असतं की दहा किलोवॉटच्या वर परवानगीच मिळत नाही. कुणाचं छत तयार, पैसे तयार, पण वीजबिल अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर.

यातला शेवटचा प्रश्न सगळ्यांत कमी वेळा विचारला जातो आणि सगळ्यांत जास्त अर्ज तोच अडवतो. म्हणून या लेखाचा क्रम उलटा आहे: पॅनेल शेवटी, तुमची वीजजोडणी आधी. ग्रीडला जोडण्याचे सगळे नियम तुमच्या छताला नव्हे, तुमच्या ग्राहक क्रमांकाला लागू होतात.

ऐकीव गोष्टी कुठून आल्या

अफवांनाही तारखा असतात, आणि त्या कळल्या की निम्मा गोंधळ जातो.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे पहिले विनियम २०१५ मध्ये केले आणि २०१९ मध्ये त्यांच्या जागी नवे आणले. त्या नव्या विनियमांच्या मसुद्यात नेट मीटरिंगचा लाभ दरमहा ३०० युनिटपर्यंतच ठेवावा, असा प्रस्ताव होता. त्यावर हरकतींचा पाऊस पडला आणि अंतिम विनियमांत नेट मीटरिंग कायम राहिलं. ‘३०० युनिटच्या वर मिळत नाही’ हे जे अजून ऐकू येतं, ते त्या मसुद्याचं उरलेलं शेपूट आहे.

दुसरी अफवा दहा किलोवॉटची. केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२० रोजी वीजग्राहकांच्या हक्कांचे नियम काढले. त्यांत नेट मीटरिंग १० किलोवॉटपर्यंत आणि त्यापुढे ग्रॉस मीटरिंग, असं होतं. २०२१ च्या जूनमध्ये ते बदलून मर्यादा ५०० किलोवॉट किंवा मंजूर भार, यांतलं जे कमी असेल ते, अशी झाली. मग फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीत पुन्हा १० किलोवॉटचा आकडा आला, पण अगदी वेगळ्या कारणाने: त्या आकड्यापर्यंतचा अर्ज तांत्रिक व्यवहार्यता न तपासता मंजूर समजायचा. म्हणजे पहिला दहाचा आकडा अडवणारा होता, दुसरा सोडवणारा आहे. दोघांची सरमिसळ करून कुणी तुम्हाला घाबरवत असेल तर त्याला तारीख विचारा.

थोडक्यात: घरगुती ग्राहकासाठी नेट मीटरिंग चालू आहे. बदललाय तो दिवसाच्या युनिटचा भाव. त्याबद्दल पुढे.

तुम्हाला कोणाचे नियम लागू

केंद्राचे हक्कांचे नियम आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची तांत्रिक मानकं देशभर लागू आहेत. हिशेब कसा करायचा, दर कोणता, हे मात्र राज्याचा आयोग ठरवतो. महावितरण, बेस्ट, अदाणी इलेक्ट्रिसिटी आणि टाटा पॉवर या चौघांचे ग्राहक महाराष्ट्र आयोगाखाली येतात. गोव्यातल्या वाचकांना गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांचा संयुक्त आयोग, बेळगावकरांना कर्नाटकाचा आयोग आणि हेस्कॉम ही वितरण कंपनी, इंदूरकरांना मध्य प्रदेशाचा. पुण्याच्या मेहुण्याला जे मिळालं ते मडगावात तसंच मिळेल, असं धरून चालू नका. या लेखातले हिशेबाचे तपशील महाराष्ट्राचे आहेत.

आणखी एक फरक. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतला पंप ग्रीडला जोडलेला नसतो. त्यात शेतकऱ्याचा वाटा सर्वसाधारण गटात १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के असतो, पण तिथे नेट मीटरचा, युनिट वजा होण्याचा प्रश्नच येत नाही. शेतातल्या पंपाचा अर्ज आणि गावातल्या घराच्या छताचा अर्ज ही दोन वेगळी कामं आहेत.

बिल हातात घ्या

गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्यामुळे एका बिलावरही बरंच कळतं. पाहायच्या गोष्टी:

- नाव. अर्जदार, वीजग्राहक आणि अनुदानाचं बँक खातं, या तिन्हींचं नाव जुळलं पाहिजे. जोडणी वारलेल्या व्यक्तीच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर असेल तर पहिला अर्ज नावबदलाचा. तो पूर्ण होईपर्यंत कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नका.
- थकबाकी. शून्य हवी. वादात असलेली रक्कम असेल तर आधी तो वाद मिटवा.
- मंजूर भार. पूर्वी भार वाढवण्यासाठी वेगळा अर्ज, वेगळं शुल्क, वेगळी फेरी असायची. २०२४ च्या दुरुस्तीनुसार १० किलोवॉटपर्यंतच्या सौर अर्जासाठी लागणारी भारवाढ वितरण कंपनीनेच करून द्यायची आहे. ‘आधी भार वाढवून आणा, मग या’ असं सांगितलं गेलं तर हा नियम दाखवा.
- सिंगल फेज की थ्री फेज. थ्री फेजचा स्थिर आकार बराच जास्त असतो आणि तो सौरविजेने कमी होत नाही. नुसतं पॅनेलसाठी थ्री फेज घ्यायला कुणी सुचवत असेल, तर त्या वाढीव आकाराचा वर्षाचा हिशेब आधी मांडा.
- ग्राहक वर्ग. घरगुती असेल तरच केंद्राचं अनुदान. घराखालचं दुकान, पिठाची गिरणी, दवाखाना यांना वेगळं मीटर असेल तर त्या मीटरवर नेट मीटरिंग मिळतं, अनुदान मिळत नाही.

छत तुमचं आहे ना, हाही प्रश्न आहेच. भाडेकरूला मालकाची लेखी संमती लागते. एकत्र घरात भावांचा हिस्सा असेल तर संमतिपत्र आताच करून ठेवा. पॅनेल पंचवीस वर्षं छतावर राहतात, आणि भावाभावांत सगळं पंचवीस वर्षं तसंच राहील याची हमी कोणतीही कंपनी देत नाही.

किती किलोवॉट? इथेच पैसे वाया जातात

महाराष्ट्रात एक किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चारेक युनिट धरा, म्हणजे महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट. जागा सावलीमुक्त १०० चौरस फुटांच्या आसपास लागते. कोकणात आणि गोव्यात माडाची सावली हा खरा शत्रू आहे. सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात छतावर उभं राहून सावली कुठून कुठे सरकते ते पाहा. शक्य तर डिसेंबरात पाहा, तेव्हा सूर्य खाली असतो आणि सावल्या लांबतात.

विक्रेता शक्य तेवढी मोठी यंत्रणा सुचवणार. तुम्ही तीन गोष्टी मनात ठेवा.

पहिली, वीजदराच्या पायऱ्या. महावितरणच्या घरगुती दरात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे, असे टप्पे आहेत. वरच्या टप्प्यातलं युनिट खालच्यापेक्षा कितीतरी महाग. सौरविजेने निव्वळ वापर घटतो तेव्हा आधी वरचं महाग युनिट वाचतं आणि शेवटी तळातलं स्वस्त. म्हणून पहिला किलोवॉट सगळ्यांत लवकर पैसे फेडतो आणि शेवटचा सगळ्यांत उशिरा. बिल शून्याच्या जवळ नेण्याच्या हट्टापायी लावलेला किलोवॉट सगळ्यांत स्वस्त युनिट वाचवत असतो.

दुसरी, अनुदानाची रचना. ‘पीएम सूर्य घर: मुफ्त बिजली योजने’त पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये मिळतात, तिसऱ्याला १८,००० आणि त्यापुढे काही नाही. म्हणजे एकाला ३०,०००, दोनला ६०,०००, तीन किंवा त्याहून कितीही जास्त असले तरी ७८,०००. शिवाय अनुदान मोजताना पॅनेलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता, यांतली कमी असेल ती धरतात. तीन किलोवॉटचा इन्व्हर्टर आणि पावणेतीन किलोवॉटची पॅनेल लावून ‘तीनचं अनुदान’ सांगितलं जात असेल तर हिशेब चुकतोय.

तिसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत महत्त्वाची. नेट मीटरमध्ये शिल्लक राहिलेली युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण आर्थिक वर्षापुरतीच. ३१ मार्चला खातं बंद होतं. उरलेल्या युनिटचा मोबदला आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतो, जो तुमच्या बिलातल्या वरच्या टप्प्याच्या दरापुढे फार कमी असतो. आता आपल्याकडचं वर्ष पाहा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी ऊन चांगलं, पंखे-एसी बंद, शिल्लक साचते. एप्रिल-मेमध्ये एसी धावतो, आणि नेमकी तेव्हा ती साठवण हिशेबातून गेलेली असते. जून ते सप्टेंबर ढग. म्हणजे हिवाळ्यातली कमाई उन्हाळ्याला पुरत नाही, मध्ये मार्चअखेर आडवी येते.

म्हणून आकार ठरवताना ‘वर्षाचा वापर भागिले बारा’ एवढंच करू नका. मार्चअखेर शिल्लक शून्याच्या आसपास राहील, इतकाच आकार घ्या. महिना सरासरी २५० युनिट वापरणाऱ्या घराला दोन किलोवॉट पुरतात. तिसरा किलोवॉट घ्यायचा तर त्यामागे काहीतरी ठोस हवं: यंदा घेणार असलेली विजेची स्कूटर, इंडक्शन शेगडी, आईवडिलांच्या खोलीत येणारा एसी. नुसतं ‘पुढे वापर वाढेलच’ हे विक्रेत्याचं वाक्य आहे, तुमचं नाही.

हिशेबाच्या तीन पद्धती

नेट मीटरिंग. तुम्ही ग्रीडकडून घेतलेल्या युनिटमधून तुम्ही ग्रीडला दिलेली युनिट वजा होतात आणि उरलेल्याचं बिल येतं. युनिटला युनिट. घरगुती ग्राहकाने, मिळत असेल तोवर, हीच घ्यावी.

नेट बिलिंग. इथे वजाबाकी युनिटची होत नाही, रुपयांची होते. घेतलेल्या विजेला नेहमीचा दर, दिलेल्या विजेला ठरलेला, कमी दर. दिवसाच सगळी वीज वापरून टाकणाऱ्या कार्यशाळेला याने फारसा फरक पडत नाही, कारण ग्रीडला जातंच थोडं. दिवसभर कुलूप असलेल्या घराला मात्र तोटा.

ग्रॉस मीटरिंग. बनलेली सगळी वीज कंपनीला विकायची, आणि स्वतःला लागणारी नेहमीच्या दराने घ्यायची. छोट्या घरासाठी याचा विचार करण्याचं कारण नाही.

करारावर सही करण्याआधी त्यात यांपैकी कोणता शब्द लिहिलाय ते स्वतः वाचा. विक्रेत्याच्या माहितीपत्रकावरचा शब्द आणि करारातला शब्द एकच असेल असं नाही.

दिवसाचं युनिट स्वस्त होतंय

बदललेल्या नियमांतला खिशाला लागणारा भाग हा आहे. जून २०२३ मध्ये केंद्राने हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून वेळेनुसार वीजदराची चौकट आणली: सौर तासांतला दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी आणि गर्दीच्या तासांत जास्त. महाराष्ट्रात सौर तास सकाळी ९ ते सायंकाळी ५ असे धरले जातात, आणि स्मार्ट मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांनाही दिवसाच्या वापरावर सवलत सुरू झाली आहे.

सौरवाल्यांसाठी याचा अर्थ काय? राज्याच्या २०१९ च्या विनियमांनुसार, ज्यांना वेळेनुसार दर लागू आहे त्यांची ग्रीडला दिलेली वीज आधी त्याच वेळेच्या कप्प्यातल्या वापरातून वजा होते. उरलेली सगळ्यांत स्वस्त कप्प्यातली समजली जाते. दुपारी दिलेलं युनिट रात्री आठच्या महाग युनिटला पुसत नाही.

लहान कारखाना, हॉटेल, मोठं दुकान, शाळा अशा ग्राहकांनी म्हणूनच जुन्या परताव्याच्या तक्त्यावर विसंबू नये. ‘चार वर्षांत पैसे वसूल’ हा हिशेब कोणत्या वर्षीच्या दरआदेशावर केलाय ते विचारा, आणि तुमच्या ग्राहक वर्गाचा चालू दरआदेश आयोगाच्या संकेतस्थळावरून काढून विक्रेत्याकडून तोच हिशेब पुन्हा करून घ्या. घरगुती वाचकांनी बिलावर वेळेनुसार दराचे (टीओडीचे) रकाने आले आहेत का ते पाहावं. आले असोत वा नसोत, एक सवय आताच लावून घ्या: पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, गिझर, स्कूटरचं चार्जिंग दुपारी. जी वीज बनते तेव्हाच घरात वापरली जाते, तिला ग्रीडला दिलेल्या विजेच्या हिशेबाचे नियम लागत नाहीत.

अर्ज ते नेट मीटर

अनुदानासह सगळं ‘पीएम सूर्य घर’च्या राष्ट्रीय पोर्टलवरून होतं. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. पायऱ्या अशा:

१. मोबाइल आणि ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी, मग अर्ज. हे स्वतः करा. विक्रेता ‘आम्हीच करतो, फक्त ओटीपी सांगा’ म्हणेल. त्यात सोय आहे, पण अर्जात कोणती क्षमता आणि कोणतं बँक खातं गेलं हे मग तुम्हाला उशिरा कळतं.

२. १० किलोवॉटपर्यंतचा, सर्व बाजूंनी पूर्ण असलेला अर्ज मंजूर समजला जातो. त्याहून मोठ्यासाठी कंपनीने १५ दिवसांत व्यवहार्यता तपासायची आहे. मुदतीत उत्तर आलं नाही तर तोही मंजूर समजायचा.

३. पोर्टलवर नोंद असलेल्या विक्रेत्यांतून निवड आणि लेखी करार.

४. उभारणी, फोटोसह तपशील पोर्टलवर भरणं आणि नेट मीटरसाठी मागणी.

५. कंपनीची तपासणी, नेट मीटर, यंत्रणा सुरू केल्याचा दाखला. उभारणी पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र दिल्यापासून हे १५ दिवसांत व्हायचं आहे. आधी ही मुदत ३० दिवसांची होती.

६. दाखल्यानंतर पोर्टलवर बँक तपशील, आणि अनुदान थेट खात्यात.

अनुदान शेवटी येतं, हे लक्षात घेऊन पैशांची सोय करा. तीन किलोवॉटपर्यंतच्या घरगुती यंत्रणेसाठी बँका तारणाशिवाय कर्ज देतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. हातात आलेलं कोटेशन त्याआधीच्या दराचं नाही ना, हे पाहा.

आणि चौथ्या-पाचव्या पायरीच्या मधली एक चूक सर्रास होते. पॅनेल लागले, ऊन फुकट जातंय, म्हणून मीटर यायच्या आधीच यंत्रणा चालू केली जाते. हे नियमात बसत नाही, आणि फायद्याचंही नाही: कित्येक जुनी मीटरं ग्रीडकडे जाणारी वीजही वापर म्हणूनच मोजतात. म्हणजे वीज तुम्ही दिलीत आणि बिलही तुम्हालाच. नेट मीटर बसेपर्यंत इन्व्हर्टर बंद ठेवायला सांगा, आणि तसं लेखी सांगा.

कंपनी ‘डीपीवर जागा नाही’ म्हणाली तर

प्रत्येक रोहित्रावर, म्हणजे डीपीवर, किती सौरक्षमता जोडता येईल याला मर्यादा आहे. महाराष्ट्रात २०१९ च्या विनियमांनी ती रोहित्राच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांवर नेली. घरगुती छोट्या अर्जांना ती सहसा आडवी येत नाही, आणि ५ किलोवॉटपर्यंतच्या यंत्रणेसाठी वाहिनी किंवा रोहित्र बळकट करावं लागलंच, तर तो खर्च कंपनीने करायचा आहे. ‘तारेचे पैसे भरा’, ‘डीपीसाठी वर्गणी काढा’ असं कुणी म्हटलं तर मागणीपत्र लेखी मागा. तोंडी मागणी लेखी द्या म्हटलं की ती बऱ्याचदा विरून जाते.

सोसायट्यांचं आणि मोठ्या यंत्रणांचं तसं नाही. त्यांनी अर्जाआधी उपविभाग कार्यालयातून आपल्या रोहित्राची क्षमता आणि त्यावर आधी जोडलेली सौरक्षमता विचारून घ्यावी.

सोसायटी आणि फ्लॅटवाले

गच्ची सोसायटीची, वीजमीटर तुमचं. इथेच घोडं अडतं. सगळ्यांत सोपा आणि रुळलेला मार्ग म्हणजे सोसायटीच्या सामायिक मीटरवर यंत्रणा: लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग. त्यासाठी गृहनिर्माण संस्थांना किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, प्रतिघर ३ किलोवॉट या हिशेबाने ५०० किलोवॉटपर्यंत. त्या मर्यादेत रहिवाशांनी स्वतंत्रपणे लावलेली क्षमताही धरली जाते. सर्वसाधारण सभेचा ठराव करा. त्यात क्षमता, खर्चाची वाटणी, गच्चीच्या गळतीची जबाबदारी आणि देखभाल कोण करणार, हे चारही लिहा. गळतीचा मुद्दा ठरावात नसला की पहिल्या पावसात वरच्या मजल्यावरचे सभासद आणि समिती यांच्यात जे होतं, ते वेगळं सांगायला नको.

एखाद्या सभासदाला गच्चीचा तुकडा घेऊन स्वतःच्या मीटरला जोडायचं असेल तर सोसायटीचं ना हरकत पत्र लागतं. एकच यंत्रणा उभारून तिची युनिट अनेक फ्लॅटच्या मीटरवर वाटायची, याला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. दिल्लीत त्याची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ पासून आहेत. तुमच्या सोसायटीला कुणी हे विकत असेल, तर तुमच्या वितरण कंपनीकडून ती सोय तुमच्या ग्राहक वर्गाला मिळते असं लेखी उत्तर येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

वीज गेली की सौरही बंद: हा बिघाड नाही

‘लाखो रुपये घातले आणि लोडशेडिंगला दिवा लागत नाही’ ही तक्रार दर पावसाळ्यात येते. ग्रीडला जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रीड गेलं की बंद झालाच पाहिजे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या मानकांत त्यासाठी दोन सेकंदांची मुदत आहे, आणि ग्रीड परत आल्यावरही व्होल्टेज व फ्रिक्वेन्सी किमान ६० सेकंद स्थिर राहिल्याशिवाय त्याने पुन्हा जोडून घ्यायचं नाही. कारण सरळ आहे. वायरमन खांबावर चढतो तो लाइन मृत आहे असं समजून. तुमच्या छतावरून त्या तारेत वीज गेली तर त्याचा जीव जाईल.

हीच गोष्ट घरच्या जनरेटरला लागू आहे. चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटरची पिन थेट सॉकेटमध्ये खुपसणारे लोक अजून आहेत. वीज गेल्यावरही घर चालवायचं असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागेल. तो महाग असतो आणि बॅटरीला अनुदान नाही. शहरात जिथे महिन्यातून दोन-तीन तास वीज जाते, तिथे जुना साधा इन्व्हर्टर-बॅटरी संच पुरे.

जर्मनीतल्या भाच्याने बाल्कनीत पॅनेल लटकवून पिन भिंतीत खोचली, आपण का नाही, असंही बरेच विचारतात. तिथे ८०० वॉटपर्यंतच्या अशा संचांसाठी २०२४ मध्ये नियम मुद्दाम सोपे केले गेले. आपल्याकडे वॉट कमी म्हणून सूट नाही. ग्रीडशी जोडायचं तर अर्ज आणि मीटर, मग पॅनेल एक असो की वीस.

उलट त्रासही होतो: भर दुपारी, वीज असताना, इन्व्हर्टर थांबतो. ग्रामीण फीडरवर दुपारी व्होल्टेज चढतं. ते २३० च्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ व्होल्टच्या वर गेलं की इन्व्हर्टर नियमानुसारच सुटतो. विक्रेता कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी विक्रेत्याकडे. इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये व्होल्टेजची नोंद असते. आठवडाभराच्या दुपारच्या नोंदींचे फोटो जोडून उपविभागाकडे लेखी तक्रार करा. रोहित्राचा टॅप बदलल्यावर बऱ्याचदा हा त्रास संपतो.

विक्रेत्याकडून काय लिहून घ्यायचं

- अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले हवेत. पॅनेलचे अनुक्रमांक बिलावर लिहून घ्या आणि छतावर चढवण्याआधी ताडून पाहा.
- पाच वर्षांची देखभाल योजनेतच आहे. ती वेगळी विकत घेऊ नका. करारात तिचा उल्लेख मात्र हवा. धुणं-पुसणं त्यात येतं की नाही, तेही.
- अर्थिंग तीन वेगळ्या: एसी बाजूची, डीसी बाजूची आणि तडितरोधकाची. एकाच खड्ड्यात तिन्ही तारा आल्या तर काम थांबवा.
- सांगाड्याचे पाय स्लॅबला कसे बसवणार, वॉटरप्रूफिंग कोण करणार. कोकण किनाऱ्यावर गॅल्व्हनाइजिंगचा दर्जा आणि वाऱ्याचा भार नक्की विचारा. निसर्ग आणि तौक्ते वादळांत काय उडालं हे तिथल्या लोकांना विसरायला झालेलं नाही.
- रक्कम टप्प्याटप्प्याने. शेवटचा हप्ता नेट मीटर बसून पहिलं बिल आल्यावर. यावर विक्रेता कुरकुरतो, पण गरजू असला की मानतो.

‘शून्य बिल’ असं करारात लिहून द्यायला सांगून पाहा. कुणी देत नाही, कारण स्थिर आकार येतच राहतो.

पहिलं बिल वाचताना

तीन आकडे लागतात: सौर मीटरवरची निर्मिती, ग्रीडला दिलेली निर्यात, ग्रीडकडून घेतलेली आयात. समजा निर्मिती ३४०, निर्यात २१०, आयात १९०. मग घरात थेट वापरलेली सौरवीज १३०, घराचा एकूण वापर ३२०, आणि पुढच्या महिन्यात जाणारी शिल्लक २० युनिट. निर्मितीचा आकडा तुमच्या ॲपशी साधारण जुळला पाहिजे. बिलावर निर्यात शून्य दिसत असेल तर बिलिंगमध्ये तुमचं मीटर अजून ‘नेट’ म्हणून चढलेलं नाही. त्याच महिन्यात अर्ज द्या. एप्रिलच्या बिलात मार्चअखेरच्या शिल्लक युनिटचा हिशेब आला का, तेही पाहा.

मीटर जास्त धावतंय असं वाटलं तर तक्रारीनंतर पाच दिवसांत कंपनीने पडताळणीसाठी जोडमीटर बसवायचं आहे. ही तरतूदही २०२४ चीच.

मुदत टळली तर

तोंडी चौकशी कितीही केली तरी ती कागदावर नसते. म्हणून क्रम असा ठेवा: १९१२ वर तक्रार आणि तिचा क्रमांक, मग उपविभागाला लेखी पत्र, पोच घेऊन, मग कंपनीचा ग्राहक तक्रार निवारण कक्ष, त्यानंतर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच. मंचाने ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे, ज्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. वकील लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे जावं लागतं, तेव्हा ‘होईल होईल’वर फार काळ बसू नका.

पत्रात ‘कृपया लवकर करावे’ असं लिहिण्यापेक्षा अर्जाची तारीख, नियमातली मुदत आणि उलटलेले दिवस एवढंच लिहा, आणि विनाकारण झालेल्या विलंबाची भरपाई मागा. हक्कांच्या नियमांत ती आहे.

घर विकायची वेळ आली तर वीजजोडणीच्या नावबदलासोबत नेट मीटरिंगचा करारही नव्या मालकाच्या नावावर करून द्यावा लागतो. खरेदीखतात यंत्रणेचा, तिच्या वॉरंटीच्या कागदांचा आणि सुरू केल्याच्या दाखल्याचा उल्लेख करा; इन्व्हर्टरच्या ॲपचा पासवर्डही त्याच दिवशी देऊन टाका.